उडालेल्या रंगांचा माग
(जुन्या रंगीत स्लाइड्स आणि त्यांचे पुनरुज्जीवन)

तृतीय वर्ष कला (इतिहास)

‘रंग उडणे’ हा आपल्या बोलण्यातला अगदी नेहमीचा शब्दप्रयोग. भीतीने चेहऱ्याचा रंग उडतो, पावसाने भिंतीचा उडतो, वारंवार धुऊन लुगड्याचा उडतो. कपड्यावर पडलेला हळदीचा डाग उन्हात टाकला की निघून जातो, हे तर घरोघरी ठाऊक असते. रंग ही टिकाऊ वस्तू नव्हे, हे आपण व्यवहारात पदोपदी अनुभवतो. छायाचित्राच्या बाबतीत मात्र हे ज्ञान आपण सोयीस्करपणे विसरतो. फोटोत दिसतो तोच त्या दिवसाचा रंग, असे आपण गृहीत धरून चालतो. हे गृहीत किती फसवे आहे आणि उडालेला रंग कितपत परत आणता येतो, याची थोडी शास्त्रीय आणि थोडी घरगुती हकिकत या लेखात सांगण्याचा विचार आहे.

माझे धाकटे आजोबा, म्हणजे आजोबांचे सख्खे धाकटे भाऊ, १९६१ ते १९६४ या काळात शिक्षणासाठी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे होते. त्यांच्या मागे राहिलेल्या सामानात स्लाइड्सची एक पत्र्याची पेटी होती. आजच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी स्लाइड पाहिलेली नसेल, म्हणून सांगतो. स्लाइड म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला, ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच असा फिल्मचा पारदर्शक तुकडा. तो प्रोजेक्टरमध्ये घालून भिंतीवर मोठा करून पाहायचा. पेटीत अशा २१२ स्लाइड्स होत्या आणि त्यांतल्या साठाहून अधिक एकाच ठिकाणच्या होत्या. ते ठिकाण म्हणजे डिस्नेलँड.

कॅलिफोर्नियात ॲनहाइम या गावी संत्र्यांच्या बागा तोडून त्या जागी वॉल्ट डिस्ने यांनी हे उद्यान उभारले. १९५४ च्या जुलैत काम सुरू झाले आणि १७ जुलै १९५५ रोजी, म्हणजे जेमतेम वर्षभरात, त्याचे उद्‌घाटन झाले. आपले पंतप्रधान पंडित नेहरू यांनीही १९६१ च्या नोव्हेंबरात तेथे भेट दिली होती आणि त्यांना उद्यान दाखवायला स्वतः डिस्ने हजर होते. करमणुकीच्या बागेत इतिहास तो काय असणार, असे कोणी म्हणेल. पण ही बाग सतत बदलत आली आहे. मोन्सँटो कंपनीने १९५७ मध्ये तेथे ‘भविष्यकाळातील घर’ म्हणून प्लॅस्टिकचे एक पांढरे घर उभारले होते. ते १९६७ मध्ये पाडण्यात आले. पाडताना लोखंडी गोळा त्यावर आदळून परत उसळे, अखेर ते कापून काढावे लागले. डोक्यावरून पाळणे नेणारा आकाशमार्ग १९५६ मध्ये सुरू झाला आणि १९९४ मध्ये बंद पडला. खाणीतल्या आगगाडीची सफर १९६० ते १९७७ एवढीच चालली. म्हणजे १९६३ सालचे डिस्नेलँड आज तिकीट काढून पाहता येत नाही. ते जे काही उरले आहे त्याचा मोठा भाग सामान्य प्रवाशांनी काढलेल्या अशा स्लाइड्समध्ये आहे. आणि त्या स्लाइड्सचे रंग उडत चालले आहेत.

पेटी उघडल्यावर एक गोष्ट चटकन लक्षात आली. सगळ्या स्लाइड्स सारख्या बिघडलेल्या नव्हत्या. काही कालच काढल्यासारख्या टवटवीत होत्या. काही तांबूस झाल्या होत्या. आणि उद्यानातल्या दुकानात तयार विकत घेतलेल्या दहा-बारा स्लाइड्स तर डाळिंबाच्या रसात बुडवून काढल्याप्रमाणे नखशिखांत लाल होत्या. पेटी एक, हवा एक, कपाट एक आणि परिणाम मात्र तीन! याचे उत्तर फिल्मच्या रसायनात आहे.

रंगीत फिल्ममध्ये एकावर एक असे तीन थर असतात. त्यांत अनुक्रमे पिवळे, किरमिजी आणि आकाशी रंगद्रव्य असते. हे रंग प्रकाशात काही घालत नाहीत, उलट प्रकाशातून काही काढून घेतात. पिवळा थर निळा प्रकाश अडवतो, किरमिजी थर हिरवा अडवतो आणि आकाशी थर तांबडा अडवतो. तीन पहारेकरी तीन दरवाजांवर बसवावेत तसा हा प्रकार आहे. आता यांपैकी तांबड्याच्या दारावरचा पहारेकरी, म्हणजे आकाशी थर, अशक्त झाला तर काय होईल? तांबडा प्रकाश मोकाट आत शिरेल आणि सारे चित्र लाल दिसेल. तेव्हा लाल झालेल्या स्लाइडमध्ये लाल रंग ‘वाढलेला’ नसतो, त्याला अडवणारा आकाशी रंग गेलेला असतो. ही गोष्ट नीट समजली की पुढचा अर्धा मार्ग सुकर होतो.

आपल्याकडच्या जुन्या रंगीत चित्रपटांच्या गुलाबी पडलेल्या प्रती ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे दृश्य नवीन नाही. कारणही तेच. त्या काळच्या चित्रपटांच्या प्रती ज्या प्रकारच्या फिल्मवर छापल्या जात, तीतले आकाशी रंगद्रव्य अंधारातसुद्धा टिकत नसे. याविरुद्ध १९८० साली मार्टिन स्कॉर्सेसी या अमेरिकन दिग्दर्शकाने मोठी मोहीम चालवली होती. माझ्या पेटीतल्या तयार स्लाइड्सही मूळ चित्रावरून अशाच प्रकारच्या फिल्मवर घाऊक छापलेल्या असाव्यात, असे त्यांच्या रंगावरून दिसते.

याउलट टवटवीत राहिलेल्या स्लाइड्स कोडॅक्रोमच्या होत्या. १९३५ मध्ये बाजारात आलेल्या या फिल्मचे जनक लिओपोल्ड मॅन्स आणि लिओपोल्ड गोडॉव्स्की हे दोघेही व्यवसायाने संगीतकार होते, हे कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी अभिमानाने ध्यानात ठेवावे! इतर फिल्ममध्ये रंग घडवणारी द्रव्ये फिल्मच्या थरातच घातलेली असतात आणि त्यांचा उरलासुरला भाग पुढे वर्षानुवर्षे तेथेच पडून राहतो. कोडॅक्रोममध्ये ही द्रव्ये धुण्याच्या रसायनातून येत आणि काम झाल्यावर मागे राहत नसत. त्यामुळे अंधाऱ्या पेटीत तिचे रंग फार चांगले टिकतात. मात्र प्रोजेक्टरच्या प्रखर दिव्यापुढे हीच फिल्म इतरांपेक्षा लवकर फिकी पडते. तात्पर्य, जी स्लाइड पाहुण्यांना पुन्हा पुन्हा दाखवली तीच अधिक झिजली. या फिल्मचे उत्पादन २००९ मध्ये थांबले आणि २०१० च्या अखेरीस ती धुऊन देणारी शेवटची प्रयोगशाळाही त्या कामातून निवृत्त झाली.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिली पायरी वर्गवारीची. पुठ्ठ्याच्या चौकटीवर फिल्मचे नाव असते आणि बहुधा धुलाईचा महिना व साल उमटवलेले असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून मोठा खजिना कोणता? हा महिना फोटो काढल्याचा नव्हे, धुतल्याचा असतो, एवढे भान मात्र ठेवावे. म्हणजे फोटो त्या महिन्यात किंवा त्याआधी काढलेला आहे, त्यानंतरचा खास नाही. दुसरी पायरी सफाईची. रबरी फुग्याने हवा मारून आणि मऊ कुंचल्याने धूळ काढावी. पाणी लावू नये. आपल्या दमट हवेत फिल्मवर बुरशीची जाळी चढतात आणि बुरशीने खाल्लेला जिलेटिनचा थर पाण्यात विरघळून चित्रासकट निघून येऊ शकतो. फिल्मची गुळगुळीत चकचकीत बाजू कोणती आणि चित्राच्या थराची मंद बाजू कोणती हेही पाहून घ्यावे, नाही तर उद्यानातल्या पाट्या उलट्या वाचाव्या लागतात.

तिसरी पायरी स्कॅनिंगची. फिल्मसाठी खास बनवलेला स्कॅनर इंचाला ४००० ठिपके या हिशेबाने चित्र वाचतो, म्हणजे एका स्लाइडचे सुमारे दोन कोटी ठिपके होतात. पण ठिपक्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ती म्हणजे प्रत्येक रंगाच्या छटा किती पायऱ्यांत मोजल्या जातात. साध्या पद्धतीत २५६ पायऱ्या असतात, तर उच्च पद्धतीत ६५,५३६. उडालेला रंग पूर्वीच्या विस्तारापैकी थोड्याच भागात आकसून बसलेला असतो. २५६ पैकी पन्नासच पायऱ्या हाती असतील आणि त्या ताणून पूर्ण जिना बनवायचा असेल, तर मध्ये मोठमोठ्या फटी पडणार आणि आकाशात पट्टे दिसणार. म्हणून वाचन सुरुवातीलाच बारीक मापाने करावे. स्कॅनरमध्ये धूळ ओळखण्यासाठी अवरक्त किरणांची सोय असते. रंगद्रव्यातून हे किरण आरपार जातात आणि धुळीला अडतात, त्यावरून यंत्र धूळ कोठे आहे ते जाणते. कोडॅक्रोम मात्र हे किरण काही प्रमाणात अडवते, त्यामुळे तिच्या बाबतीत ही युक्ती दगा देऊ शकते. तेथे हातानेच डाग काढणे बरे.

आता चौथी आणि खरी पायरी, रंग परत आणण्याची. लाल स्लाइड पाहिली की कोणालाही वाटते, वर आकाशी रंगाची काच धरली की झाले. ही समजूत का चुकीची आहे ते एका छोट्या गणिताने स्पष्ट होईल. फिल्म किती प्रकाश अडवते ते घनतेने मोजतात. घनता १ असेल तर एक दशांश प्रकाश पार होतो, २ असेल तर एक शतांश. समजा, चित्रातल्या गडद सावलीत आकाशी रंगाची घनता २ होती आणि उजळ ढगात ०.२ होती. कालांतराने निम्मा रंग गेला. सावलीत आता १ उरली आणि ढगात ०.१. म्हणजे सावलीने १ गमावला आणि ढगाने केवळ ०.१. आता वर घनता १ ची आकाशी काच ठेवा. सावली २ वर आली, ठीक झाली. पण ढग १.१ झाला, म्हणजे निळाकाळा पडला! झीज प्रमाणात झालेली आहे, तेव्हा भरपाईही प्रमाणातच हवी. दोहोंना दोनाने गुणा, २ आणि ०.२ हे मूळ आकडे परत मिळतात. संगणकावर तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे घेऊन प्रत्येकाचा गडद व उजळ छेद जागेवर आणणे, म्हणजे दुसरे तिसरे काही नसून हा गुणाकारच होय. ज्याचे जेवढे गेले तेवढे त्याला देणे, असा हा न्याय आहे.

अर्थात किती गुणायचे हे कसे ठरवावे? त्यासाठी चित्रात असे काही शोधावे लागते ज्याचा रंग आपल्याला बाहेरून ठाऊक आहे. पांढरा सदरा, डांबरी रस्ता, मोन्सँटोचे ते पांढरे घर. या ठिकाणी तिन्ही रंगांचा समतोल साधला की बाकीचे चित्र आपोआप मार्गावर येते. आकाश आणि चेहरा यांवर मात्र विसंबू नये. आकाश प्रत्येक दिवशी निराळे असते, आणि ‘चेहरा असा असतो’ या आपल्या कल्पनेत प्रत्यक्षापेक्षा आवड अधिक असते.

येथे एक घरगुती प्रसंग सांगणे भाग आहे. एका स्लाइडवर ऑगस्ट १९६३ चा शिक्का आहे. तळ्याच्या कठड्याशी धाकटी आजी नऊवारी नेसून उभी आहे आणि मागे पाण्यात उद्यानातली पाणबुडी आहे. सगळे चित्र तांबूस. धाकटी आजी आज ८४ वर्षांची आहे. मी विचारले तेव्हा ती तत्काळ म्हणाली, “अरे, पाणबुडी पिवळीधमक होती. आणि माझं लुगडं मोरपंखी, काठ लाल. घरून नेलेलं तेच एक भारी लुगडं.”

मी दोन्ही गोष्टी वहीत लिहून ठेवल्या आणि बाजूला ठेवल्या. चित्र दुरुस्त करताना पाणबुडीकडे आणि लुगड्याकडे बघायचेच नाही, फक्त मागच्या एका गृहस्थाचा पांढरा सदरा आणि पायाखालचा डांबरी रस्ता यांवरून समतोल साधायचा, असे ठरवले. ज्या गोष्टीची चौकशी चालली आहे तिलाच पंच करून चालत नाही. काम पुरे झाले तेव्हा लुगडे हिरवट निळ्या रंगावर आले, मोरपंखीच म्हणावे असे. आणि पाणबुडी? ती निखळ करडी.

यात शंकेला जागा नव्हती. आकाशी थर झिजला असला तरी या फिल्ममधला पिवळा थर बव्हंशी शाबूत होता. पाणबुडी पिवळी असती तर तेवढ्या भागात पिवळ्या थराची घनता ठळकपणे वाढलेली दिसली असती. तशी ती नव्हती. शिवाय बाहेरचा पुरावाही हेच सांगतो. डिस्नेलँडच्या आठ पाणबुड्या १९५९ मध्ये सुरू झाल्या तेव्हा अमेरिकन आरमाराच्या पाणबुड्यांप्रमाणे करड्या होत्या. त्यांना पिवळा रंग दिला गेला तो १९८० नंतरच्या दशकात. १९९८ मध्ये ती सफर बंद झाली आणि २००७ मध्ये नव्या रूपात पुन्हा सुरू झाली.

मग आजीला पिवळी कोठून आठवली? चौकशी करता उलगडा झाला. १९९१ मध्ये ती मुलीकडे अमेरिकेला गेली असताना नातवंडांबरोबर पुन्हा तेथे गेली होती. त्या वेळी पाणबुड्या पिवळ्या होत्या. नंतरच्या भेटीने आधीच्या भेटीवर आपला रंग चढवला होता, आणि तिला पत्ताही नव्हता. मी सारे समजावून सांगितले. ती बराच वेळ चित्राकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे ह्यांच्याबरोबर पाहिली ती ही. पिवळी ती नंतरची.” दोन आठवणी एकमेकींत मिसळून गेल्या होत्या, त्या त्या दिवशी वेगळ्या झाल्या. मला वाटते, या सगळ्या खटाटोपाचे सार्थक तेथेच झाले.

लुगड्याच्या बाबतीत तिची आठवण खरी ठरली आणि पाणबुडीच्या बाबतीत नाही. स्मृती सरसकट खोटी नसते आणि सरसकट खरीही नसते. म्हणून तिची साक्ष घ्यावी, पण निकाल पुरावा पाहून द्यावा.

पण पुरावाच उरला नसेल तर? पेटीतल्या त्या डाळिंबी स्लाइड्सपैकी काहींत आकाशी थर जवळजवळ संपूर्ण नाहीसा झालेला आहे. शून्याला कितीही मोठ्या संख्येने गुणले तरी शून्यच येणार. अशा वेळी संगणकाच्या पडद्यावर मोह उभा राहतो. आजकालच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आज्ञावल्या क्षणात आकाश निळे आणि झाडे हिरवी करून देतात, आणि ते चित्र पाहायला सुरेखही दिसते. पण तो निळा त्या दिवसाचा नसतो. अशा हजारो चित्रांवरून यंत्राने केलेला तो अंदाज असतो. १९६३ ची करडी पाणबुडी दाखवली तर असे यंत्र तिला पिवळी करणार नाही, याची हमी कोण देणार? उरलेल्या रंगाला त्याच्या मूळ जागी नेणे हे पुनरुज्जीवन, आणि नसलेला रंग भरणे हे रंगकाम. रंगकामात गैर काही नाही, मात्र ते रंगकाम आहे असे खाली लिहिले पाहिजे. मी त्या स्लाइड्स उरलेल्या थरांवरून कृष्णधवल करून ठेवल्या. किरमिजी थर चांगला राहिला असल्याने रेषा व छटा त्यांत उत्तम दिसतात. रंग सांगत नाहीत, पण खोटेही बोलत नाहीत.

शेवटी जपणुकीविषयी दोन शब्द. स्कॅन केलेले मूळ चित्र न बदलता वेगळे ठेवावे व दुरुस्ती त्याच्या प्रतीवर करावी. कोणत्या स्लाइडला काय केले याची नोंद असावी. प्रती निदान तीन असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी असावी. मूळ स्लाइड्स स्कॅन झाल्या म्हणून टाकून देऊ नयेत, कारण उद्याचा स्कॅनर आजच्यापेक्षा अधिक वाचू शकेल. थंडी आणि कोरडेपणा हे रंगांचे दोन मित्र. उष्णता जितकी कमी तितका झिजण्याचा वेग कमी. आपल्या हवेत माळ्यावर, पत्र्याखाली किंवा ओलसर भिंतीलगत पेटी ठेवणे म्हणजे रंगांना निरोप देणेच होय. आतल्या खोलीतले कोरडे कपाट आणि डब्यात दमटपणा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, एवढे तरी कोणालाही करता येईल.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी एखादी पेटी, एखादा अल्बम निश्चित असेल. त्यात डिस्नेलँड नसेल, पंढरपूरचा वाळवंट असेल, राणीची बाग असेल, मोडून गेलेला एखादा वाडा असेल. त्या चित्रांतले रंग आत्ता, हा लेख आपण वाचत असतानाही, थोडे थोडे कमी होत आहेत. आणि ते चित्र पाहून “हे लुगडं मोरपंखी होतं” असे सांगू शकणारी माणसेही कमी होत आहेत. दोन्ही साक्षीदार हयात आहेत तोवर त्यांना समोरासमोर बसवावे. मे महिन्याच्या सुट्टीसाठी याहून चांगला उद्योग मला तरी सुचत नाही.